हेळव्याच्या वहीतला भाऊ

"शाले, ऊठ की गं! म्हशीम्होरं वैरण न्हाई. मळ्यात जाऊन ये जा."

"आई, टाचेत काटा हाय माझ्या. पाय टेकत न्हाई नि मळ्यात कुठं पिटाळतीस?"

"मग गोदाकाकीकडं तरी जाऊन बस घटकाभर."

"लंगडत तितं जाऊन काय तिची भाकरी थापू?"

उंबऱ्यात उभी राहून आई वेशीकडं बघत होती, नि तेवढ्यात मला ती घंटा ऐकू आली. बैलाच्या गळ्यातली, जड, एकेक ठोका सुटा पडणारी. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. हेळवी आला होता! हेळवी आला की आई मला घराबाहेर काढायची. लहान होते तेव्हा ओढ्याला धुणं घेऊन, जरा मोठी झाल्यावर मळ्यात. मला वाटायचं, बायकापोरींनी हेळव्यापुढं बसायचं नसतं, तसली काहीतरी रीत असेल. आता मी पंचवीस वर्षांची घोडी झाले होते आणि तरी हिचं तेच चाललेलं.

"बाळाप्पा आला वाटतं," मी म्हटलं. "येऊ दे की. मी आत कणगीमागं बसते. तोंडातनं शब्द काढायची न्हाई."

"काढू नगंस," आई म्हणाली. तिचा आवाज मला जरा निराळा वाटला, पण काटा ठणकत होता, मी लक्ष दिलं नाही.

हेळवी म्हणजे आमच्या भागात घराण्यांची नावं सांभाळणारा माणूस. बाळाप्पा चिकोडीकडचा. दर तीन वर्षांनी सुगी झाली की तो वारणाकाठच्या आमच्या गावात यायचा. बैलावर बसून, मांडीवर घोंगडं टाकून. भावकीतल्या एकेका घरापुढं उतरायचा, लाल फडक्यातली लांबट वही सोडायचा आणि मूळ पुरुषापासून नावं वाचायचा. मग मागच्या खेपेपासून घरात कोण जन्मलं, कुणाचं लगीन झालं, कोण गेलं ते विचारून मोडीत लिहून घ्यायचा. सोयरीक जुळवायची असली तर माणसं त्याचीच वाट बघायची, कारण मूळ कूळ त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक? आमचंच बघा. सातबाऱ्यावर आम्ही चौगुले. गावात आम्हाला म्हणायचे हौदवाले, कारण दारात जुना हौद. नि बाळाप्पाच्या वहीत आम्ही मूळचे खराडे. तीन आडनावं, पण खरं कुठलं म्हणून विचारलं तर सगळी भावकी वहीकडं बोट दाखवायची.

वहीत नाव चढतं ते लेकाचं. लेकाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं. लेकीचं नाही. लेक सासरी जाणार, तिकडच्या हेळव्याच्या वहीत नवऱ्याशेजारी बसणार. आणि ज्याचा वंश पुढं गेला नाही, त्याच्या नावाखाली लाल शाईची आडवी रेघ. रेघ पडली की संपलं. पुढच्या खेपेपासून हेळवी ते नाव तोंडानं घ्यायचा नाही. कुणाच्याच दारात, कधीच.

माझं त्यातलं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला शिरोळकडं दिली होती, मान्यांच्या घरात. पाच वर्षं पोटपाणी पिकलं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. मी एक दिवस गाठोडं उचललं नि आईकडं आले ती आलेच. त्यांच्याकडच्या वहीत माझ्या जागेवर सवतीचं नाव बसलं असणार. इकडं रेशनकार्डावर नाव चढवायला गेले तर ग्रामसेवक मला विचारतोय, "बाई, आडनाव काय लावू? माने का चौगुले?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा बाबा, मला कोण ठेवून घेतंय ते." तो हसला. मला काही हसू आलं नव्हतं. बाप मी चार वर्षांची असतानाच गेलेला, आईला मी एकटी. दोन म्हशी, दीड एकर, सगळं माझ्या अंगावर. पाटाची दारं मी धरायची, पिकाला पाणी मी पाजायचं, धारा मी काढायच्या. जीभ माझी तिखट होती, पण हात कधी थांबला नव्हता.

बाळाप्पा हौदापाशी उतरला. बैल बांधला, पाय धुतले, नि सोप्यात घोंगड्यावर बसला. कणगीच्या फटीतनं मला तो अर्धा दिसत होता. पांढऱ्या मिशा, कानात भिकबाळी, कपाळभर भंडारा. आईनं पाण्याचा तांब्या ठेवला नि समोर बसली. ती नवी इरकली साडी नेसली होती. हिरवी, लाल काठाची. मी वर्षभर डेअरीला दूध घालून वडगावच्या बाजारातनं आणलेली. दिवाळीला आणली तेव्हा तिनं घडी मोडली नव्हती. "म्हातारपणी मला कशाला गं हिरवी?" म्हणाली होती. आज हेळव्यासाठी नेसली, त्याचं मला बरंच वाटलं.

त्यानं वही कपाळाला लावली आणि सुरू केलं. त्याची एक चाल असायची, गाणं नाही नि बोलणंही नाही.

"मूळ गाव कऱ्हाडाकडलं, मूळ आडनाव खराडे. दुस्काळात ढोरं घिऊन वारणा उतरला त्यो तुकोजी. तुकोजीला लेक दोन. थोरला बहिर्जी."

दोन म्हणाला, नाव एकाचंच घेतलं. धाकट्यापाशी नुसता कानाला हात लावून पुढं गेला. त्याच्या नावाखाली रेघ होती. दोनशे वर्षांमागं कोण होता, काळा का गोरा, कुणास ठाऊक! दोन लेक होते एवढंच उरलं त्याचं.

"बहिर्जीला चौगुलकी मिळाली, तवापासनं आडनाव पडलं चौगुले..."

असं करत तो माझ्या आज्यापर्यंत आला, मग माझ्या बापापर्यंत. "हणमाला लेक ज्ञानू. ज्ञानूची बायकू अनसूया, म्हायेर सांगाव." आईनं पदर सावरला. "ज्ञानूला लेक यशवंत."

मी फटीला डोळा लावला.

यशवंत हे नाव मी जन्मात एकदाच ऐकलं होतं. भावकीतल्या गोदाकाकीनं सांगितलेलं, तेही कानाशी लागून. तुझ्याआधी एक होता, दीड वर्षाचा होऊन गोवरात गेला, आईपाशी कधी नाव काढू नगंस. मी काढलं नव्हतं. लेकरू जितं असतानाच त्याचं नाव वहीत चढलं असेल, बाप त्या वेळी असणार, हौसेनं सांगितलं असेल. मला वाटलं, आता बाळाप्पा कानाला हात लावेल.

त्यानं हात लावला नाही. मान वर करून म्हणाला, "यशवंता कसा हाय, आक्का?"

"बरा हाय," आई म्हणाली.

"मागच्या खेपंला मिल्ट्रीत भरती झाला म्हनला हुतासा."

"व्हय. आता नायक झाला. लांब असतोय, बर्फात. तितं थंडी लई. लोकरीचा सदरा घालतोय आतनं, मी सांगून धाडलंय."

माझे कान तापले. मला आधी वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण ती नीट बसली होती, हात मांडीवर ठेवून, चेहरा उजळलेला. कारभाऱ्यांच्या बायका लेकाचं सांगतात तशी सांगत होती. तो शाळेत हुशार होता, तालमीत दांडगा होता, भात आवडत नाही त्याला, भाकरीच लागते. एकेक गोष्ट मागच्या खेपेला धरून, कुठं अडखळणं नाही. किती वर्षं चाललं असेल हे? मी ओढ्याला धुणं धूत होते तेव्हा तो पहिलीत गेला असणार. मी मळ्यात भारा बांधत होते तेव्हा तालमीत.

"आनि लगीन?" बाळाप्पानं विचारलं. "आक्का, आता वंस म्होरं सरकाय पायजे. अठ्ठावीस वर्सं झाली न्हवं त्याला?"

"औंदा काढतोय. पोरी बघाय लागलोय."

"ब्येस. साडी झ्याक हाय तुमची. नवी?"

आईनं काठावरनं हात फिरवला.

"लेकानं धाडली," ती म्हणाली.

बस्स! तेवढं ऐकलं नि मी उठले. काटा टाचेत आणखी आत गेला असेल, पण मला काही कळलं नाही. कणगीला धरून, भिंतीला धरून मी सोप्यात आले. आजही ते आठवलं की वाटतं, तिथंच पाय मोडून पडले असते तर बरं झालं असतं.

"कुठला लेक गं?" मी म्हटलं. "कुठल्या लेकानं धाडली तुला साडी?"

"शाले, आत जा."

"न्हाई जात! मी दूध घातलं वरीसभर. पहाटे उठून मी धारा काढल्या. तुझी कंबर धरली तर मी चोळली. नि साडी लेकानं धाडली? बाळाप्पा, ऐका माझं. यशवंत दीड वर्साचा हुता तवाच गोवरात मेला. वढ्याकाठी पुरलाय त्याला. त्यो मिल्ट्रीत न्हाई, शाळेत न्हाई, कुठंच न्हाई. ह्या घरात एकच लेकरू हाय नि ते मी हाय."

बाहेर बैलानं मान हलवली नि घंटेचा एक ठोका पडला.

मला वाटलं बाळाप्पा आईला विचारेल, खरं काय ते. त्यानं आईकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "पोरी, तुला कुनी इचारलं हुतं का?"

"मला कोण इचारणार? माझं नाव हाय का तुमच्या वहीत?"

"नाव काय तुझं?"

"शालन."

"कुठं दिलीया?"

"दिली हुती शिरोळकडं. नवऱ्यानं दुसरी केली. आता हितंच असते, आईपाशी."

त्यानं मान हलवली. वही मिटली. लाल फडकं पसरून तिच्यावर एकेक पदर घालायला लागला. तेव्हा आई पुढं सरकली. तिनं हात जोडले नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही. वहीच्या फडक्याचं टोक तेवढं धरलं.

"बाळाप्पा, रेघ वढू नगा."

"रेघ दारात वढत न्हाईत, आक्का," तो म्हणाला. "घरी जाऊन देवाम्होरं बसून वढायची असती. सोडा."

तिनं सोडलं. आत गेली, सुपात जोंधळं घेऊन आली. जोंधळं भुईवर सांडत होते. त्यानं झोळी पुढं केली, सूप रिकामं करून घेतलं, बैलावर बसला नि गेला. घंटा ऐकू यायची बंद होईपर्यंत आई दारात उभी होती.

मी भांडणाच्या तयारीतच बसले होते. ती काय बोलेल, मी काय बोलेन, सगळं मनात मांडून. तिनं जुनेर नेसलं, इरकली साडीची घडी घालून ट्रंकेत ठेवली. दुपारी सुई नि रुईचा चीक घेऊन माझ्यापाशी आली, माझा पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. चांगला नखाएवढा काटा होता. "दुखतंय का?" म्हणाली. एवढंच.

पुढं तीन वर्षांनी सुगी झाली. आई जात्यावर बसली की मधेच हात थांबवायची. बैलगाडी आली तरी उठून दारात जायची. माघ संपला, शिमगा झाला, बाळाप्पा आला नाही. भावकीतल्या सहा घरांपैकी कुणाकडंच आला नाही.

मी म्हटलं, "बघ, सगळ्यांकडंच आला न्हाई. आपलंच काय म्हणून न्हवं. आजारी असंल म्हातारा."

"आपल्यामुळं आला न्हाई," आई म्हणाली. "खोटं निघालं ना वहीत. अख्ख्या कुळाचं पान मिटलं त्यानं."

"आई, तू पण काय धरून बसतीस!"

"रेघ वढली असंल," ती म्हणाली. "आता कुणी नाव घ्यायचं न्हाई."

आणखी तीन वर्षं गेली. मी तोवर बालवाडीत लागले होते, चार पैसे महिन्याला येत होते. सुगी झाली, बाळाप्पा आला नाही. मी एकदा चिकोडीला जाऊन त्याला शोधते म्हटलं, तर आई म्हणाली, "नगं. कुठल्या तोंडानं जातीस?" ते लागलं मला. मी गेले नाही. जायला पाहिजे होतं. आता म्हणून काय उपयोग?

तिसऱ्या खेपेच्या सुगीला आई अंथरुणाला खिळली होती. अंगात काही राहिलं नव्हतं, पण डोकं ताजं. एक दिवस दुपारी मी तिला पेज पाजत होते, तर तिनं वाटी बाजूला सारली.

"घंटा वाजली का गं?"

"न्हाई आई. म्हशीची साखळी वाजली."

मग ती आपणहून बोलायला लागली. नऊ वर्षांत जे बोलली नव्हती ते.

"शाले, त्याला पुरून आले ना, त्याच दिशी तुझ्या आज्जीनं सगळं उचललं. कुंची, दुपटी, पाळण्याची दोरी. म्हणली, आता ह्या घरात नाव काढायचं न्हाई त्याचं. पोटातल्याला बाधतंय."

"पोटातल्याला?"

"तू हुतीस पोटात. तिसरा म्हैना हुता." तिनं माझा हात चाचपला. "मग न्हाई काढलं. तुझ्या बानंबी न्हाई काढलं. भावकीत कुणी न्हाई. बाया यायच्या, बसायच्या, पावसापाण्याचं बोलून जायच्या. मला वाटायचं, खरंच हुता का त्यो? का मलाच वाटलं? तू झालीस. मग सगळी म्हणाया लागली, पैली लेक झाली, पैली लेक झाली. पैली!"

मी वाटी खाली ठेवली.

"मग बाळाप्पा आला. तुझा बा गुऱ्हाळात गेल्याला. तू माझ्या मांडीवर. त्यानं वही सोडली, वर बघितलं नि म्हणला, 'यशवंता कसा हाय?' शाले, नाव घेतलं गं त्यानं! दोन वर्सांनी त्ये नाव मी दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं. मला न्हाई म्हणता आलं न्हाई. बरा हाय म्हणले. एकदा बरा म्हणलं की मग त्यो मोठा व्हायाच लागला."

"आई, मला आधी सांगायचंस की."

"काय सांगू? तुझ्यासाठनंच त्याला गप केल्यालं. तुला कसं सांगू?" ती दमली होती, थांबून थांबून बोलत होती. "तू साडीचा राग धरलास. धर. साडी तुझीच हुती, मला का म्हाईत न्हवतं? पण तुझं सगळं माझ्याजवळ हुतं बाई. तू हुतीस, तुझा राग हुता, तुझं हात हुतं. त्याचं काय हुतं? तीन वर्सांतनं एकदा एक माणूस इचारायचा, कसा हाय. तेवढंच."

मला रडू फुटलं. मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले, माफी मागितली. ती म्हणाली, "उगी. जेवलीस का?" तिला राग नव्हताच. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पाडव्याआधी ती गेली. जाताना तिला तीच हिरवी इरकली नेसवली. गोदाकाकी म्हणाली, विधवेला हिरवी कशाला? मी म्हटलं, "तिच्या लेकानं धाडलीया." काकीनं माझ्याकडं बघितलं, नि पुढं होऊन निऱ्या घातल्या.

त्यानंतर सहा वर्षं गेली. मी एकटीच होते, म्हैस एकच ठेवली होती. सुगी आटोपली होती, मी हौदावर घागरी घासत होते, तर दारात एम-एटी गाडी येऊन थांबली. चाळिशीतला माणूस, पँट-शर्ट, कपाळाला मात्र भंडारा. हँडलला रेक्झिनची पिशवी.

"चौगुल्यांचं घर न्हवं? हौदवाले?"

"व्हय. कोण पायजे?"

"मी सिद्राम. बाळाप्पा हेळव्याचा लेक."

घागर माझ्या हातातनं हौदात पडली. मी तशीच ओल्या हातानं त्याला सोप्यात नेलं, घोंगडं टाकलं, तांब्या ठेवला. माझ्या तोंडातनं पहिला प्रश्न आला तो हाच: "इतकी वर्सं कुठं हुतासा? बाळाप्पा का आलं न्हाईत?"

"आबा गेले की. लई वर्सं झाली. हितली सुगी करून आले, नि पंधरा दिसांत गेले. अर्धांग झाला. मी साखर कारखान्यात लागल्यालो, थोरला भाऊ बेळगावात. कोण फिरणार? वह्या पेटीतच पडून. आता कारखाना बंद पडला, म्हटलं आबांचं काम तरी करावं. बैल परवडत न्हाई, म्हणून गाडीवर." तो ओशाळून हसला.

म्हणजे त्याच खेपेनंतर. रागानं नाही, वही बाटली म्हणून नाही. म्हातारा मेला म्हणून आला नव्हता. आणि माझी आई नऊ वर्षं दारात उभी होती.

सिद्रामनं लाल फडकं सोडलं. फडकं तेच होतं, विटलेलं. बापासारखी चाल त्याला येत नव्हती, शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द लावून वाचत होता. कऱ्हाडाकडलं मूळ गाव. खराडे. तुकोजीला लेक दोन, थोरला बहिर्जी. धाकट्यापाशी कानाला हात. मी भिंतीला टेकून बसले होते. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. ज्ञानूपाशी येईल, एक लेक म्हणेल, नि कानाला हात लावेल. मी जीव घट्ट केला.

"हणमाला लेक ज्ञानू. ज्ञानूची बायकू अनसूया, म्हायेर सांगाव. ज्ञानूला लेक यशवंत, मिल्ट्रीत नायक." तो थांबला. वही डोळ्यांजवळ नेली. "आनि लेक शालन, आईपाशी."

"काय म्हणालास?"

"लेक शालन, आईपाशी. असंच लिवलंय." त्यानं पान उलटून पुढंमागं बघितलं. "लेकीचं नाव आमच्यात लिवत न्हाईत वो. अख्ख्या वहीत हे एकच हाय. आबांनी का घातलं, ठाव न्हाई."

"बघू इकडं."

त्यानं वही माझ्यापुढं धरली. मला मोडी येत नाही. मी अक्षरं बघितलीच नाहीत, रेघ बघत होते. यशवंताच्या नावाखाली रेघ नव्हती.

"सिद्राम, त्या सालच्या रेघा वढायच्या ऱ्हायल्या असतील. आजारी पडले म्हणतोस तुझे वडील."

"न्हाई न्हाई. आल्या आल्या वढल्या त्यांनी, देवाम्होरं बसून. मीच शाई कालवून दिली. हे बघा की, तुमच्याच भावकीतलं हे. हे वरच्या आळीचं. सगळ्या वढल्यात." त्यानं तीन-चार पानांवरच्या लाल रेघा दाखवल्या. "तुमच्या पानावर कशाला वढतील? लेक हाय की."

गावात आमच्या भावकीची सहा घरं. सहाही घरांत बाळाप्पा दर खेपेला बसायचा, चहापाणी घ्यायचा, जन्ममरण विचारायचा. कुणाकडं कोण गोवरात गेलं, हे त्याला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नसेल? पहिल्याच खेपेला सांगितलं असणार, आमच्या दारात यायच्या आधीच. आणि तरी तो दारात आला, वही सोडली, वर बघितलं आणि नाव घेऊन विचारलं. "पोरी, तुला कुनी इचारलं हुतं का?" म्हणाला होता तो मला. खरंच कुणी विचारलं नव्हतं. तो तिला विचारत होता.

"आक्का?" सिद्रामनं पेनाचं टोपण काढलं होतं. "अनसूयाबाई?"

"आई गेली. सहा वर्सं झाली."

त्यानं लिहून घेतलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं नि मान वर केली.

"आनि यशवंतराव कसे हायत?"

म्हशीनं आत साखळी वाजवली. मी पदरानं हात पुसले.

"बरा हाय," मी म्हटलं. "पेन्शनीत निघाला आता."

त्यानं लिहून घेतलं.